दाराला वीट लावणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

परवा गोळ्या घ्यायला ओपीडीत आले तर तुमच्या स्टुलावर दुसऱ्याच बाई. "त्या रिटायर झाल्या की, एकतीस डिसेंबरला," एवढं सांगून त्यांनी पुढचा नंबर पुकारला. मी हातात तुमचा डबा घेऊन तशीच उभी राहिले. पत्ता मागितला तर म्हणाल्या, देता येत नाही. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून हे पत्र असं चव्हाट्यावर लिहितेय. नातीला मोबाईलवर सगळं सापडतं असं तुम्हीच कौतुकानं सांगायचात. तिला सापडलं तर ती वाचून दाखवेल.

मी तुम्हाला आठवेन की नाही, शंकाच आहे. जानेवारी २०२३, संक्रांतीच्या आधीचा सोमवार, हिरवा पंजाबी ड्रेस, आणि जिन्यावरून तीनदा वरखाली करणारी बाई. ती मी.

त्याआधीचे चौदा महिने कसे गेले ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आज आपणहून सांगते. डोंबिवली ते दादर मी पंधरा वर्षं लोकलनं जात होते. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून भाजी निवडलीय, पोरीचे स्वेटर विणलेत. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं. मग ऑगस्ट २०२१ पासून दोन डोसवाल्यांना लोकलमध्ये घ्यायला लागले आणि दिवाळीनंतर ऑफिसनं बोलावलं. नोव्हेंबरातली सकाळ, लेडीज डबा गच्च, तोंडावर मास्क. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. गाडी बोगद्यात शिरली आणि थांबली. फार तर दोन मिनिटं. तेवढ्यात माझी छाती धाडधाड उडायला लागली, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं, आणि मनात एकच, आता इथंच संपलं, पोरगी शाळेतून येईल तेव्हा घराला कुलूप असेल. ठाण्याला दोन अनोळखी बायकांनी धरून उतरवलं. त्यातली एक कॅज्युअल्टीपर्यंत आली. तिचा त्या दिवशी लेटमार्क लागला असणार. तिचं नावही मला माहीत नाही.

ईसीजी नॉर्मल आला. ड्यूटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरनं कागद फाडून हातात दिला. "काही झालेलं नाही तुम्हाला मॅडम. टेन्शन घेऊ नका."

काही झालेलं नाही! हे वाक्य मी पुढं वर्षभर इतक्या जणांकडून ऐकलं की कुणी तोंड उघडायच्या आधीच मला ऐकू यायचं. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या मते गॅस होता. मोठ्या हृदयरोगतज्ज्ञांनी टूडी एको केला, पट्ट्यावर पळवलं, अठरा हजारांचं बिल हातात दिलं आणि हसत हसत म्हणाले, घोड्यासारखं हृदय आहे. पहिल्या खेपेला हृदय तपासलं ते योग्यच होतं. पण घोड्यासारखं हृदय असलेली बाई लिफ्टमध्ये पाय ठेवायला का घाबरते, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता. नणंदेच्या ओळखीच्या एक काउन्सेलर होत्या, कसलासा तीन महिन्यांचा कोर्स केलेल्या, तासाला दोन हजार. त्यांनी रोज कृतज्ञतेच्या दहा ओळी लिहायला सांगितल्या. आज लिहितेय, पण बाईंना त्यातली एकही मिळायची नाही. सासूबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. त्यांच्यावर मात्र माझा राग नाही, निदान ओवाळताना डोक्यावरून हात तरी फिरवला.

खरा राग आहे तो एका डॉक्टरांवर. त्यांनी अल्प्राझोलामची, म्हणजे घाबरं लगेच शमवणाऱ्या पण सवय लावणाऱ्या गोळीची, चिठ्ठी दिली आणि ती किती दिवस घ्यायची, ते सांगितलंच नाही. केमिस्ट जुनी चिठ्ठी बघून देत राहिला. सात महिन्यांत अर्धीची एक झाली, एकीची दोन. मी हिशेबातली बाई, आकडा चढतोय हे कळत होतं. पण गोळी पर्समध्ये नसेल तर मी जिन्याच्या खालीसुद्धा उतरत नव्हते.

मधेच एक गंमत झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल बोगदा सोडून मुंब्रा-कळव्याकडून, उजेडातून जायला लागल्या. मला वाटलं, रेल्वेनं हे माझ्यासाठीच केलं. मी खरंच नारळ फोडला. आठवड्याच्या आत कळव्याच्या खाडीवर, भर उन्हात, तेच सगळं पुन्हा. मग डी-मार्टच्या रांगेत. मग शेजारणीच्या घरी चैत्रातल्या हळदीकुंकवाला, हातात पन्ह्याचा पेला असताना. नवरा म्हणाला, आता राजीनामा देऊन टाक. बिचारा काळजीनंच म्हणाला.

तुमच्या ओपीडीचं नाव कळलं ते १४४१६ वर. टेलिमानस म्हणतात त्याला. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला ही फोनसेवा सुरू केली, तेव्हा पेपरच्या कोपऱ्यात नंबर छापून आला होता आणि मी तो कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवला होता. रात्री अडीचला बाथरूममध्ये नळ सोडून फोन लावला, घरात आवाज जाऊ नये म्हणून. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. कसली घाई नाही. म्हणाली, हे ओळखता येतं आणि यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, तुमच्या जवळचं सरकारी रुग्णालय अमुक.

आता तो सोमवार.

दुसरा मजला, मनोविकार विभागाची पाटी, आणि ते स्प्रिंगचं दार, माणूस आत गेलं की मागं खाट्कन लागणारं. आत बाकं भरलेली. केसपेपर काढला होता, तेव्हा तो दहा रुपयांना होता. मी दारापर्यंत आले, खाट् ऐकलं आणि खाली गेले. चहा घेतला. पुन्हा वर आले, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा केसपेपर घडी करून पर्समध्ये टाकला आणि रिक्षा बघायला निघाले होते, तेवढ्यात तुम्ही बादली घेऊन बाहेर आलात.

तुम्ही काही विचारलं नाहीत. बादली ठेवलीत, आत जाऊन एक निळी प्लास्टिकची खुर्ची आणलीत आणि दाराच्या चौकटीला लागून, अर्धी आत अर्धी बाहेर, अशी मांडलीत. मग कोपऱ्यातली वीट पायानं सरकवत आणून दाराला लावलीत. त्या विटेला जुन्या साडीचं फडकं गुंडाळलेलं होतं, लाल काठाचं, सुतळीनं बांधलेलं. म्हणालात, "इथं बसा ताई. इथनं जिना दिसतो. दार आता लागत नाही." आणि बादली उचलून निघून गेलात. मी बसले की नाही हे मागं वळून बघितलंसुद्धा नाहीत.

मला अजून कळलेलं नाही, तुम्हाला कसं समजलं. मला डॉक्टरांची भीती नव्हती, वेड्यांची ओपीडी म्हणून लाजही फारशी नव्हती. भीती होती ती मागं लागणाऱ्या दाराची. चौदा महिन्यांत ज्यांनी ज्यांनी मला तपासलं त्यांच्या पदव्या पाटीवर मावत नव्हत्या, आणि ही एवढी गोष्ट दिसली ती वर्ग चारच्या कर्मचाऱ्याला.

तासभर बसले. मधे कुणीतरी आतून ओरडलं, "मावशी, दार लावा, किती गोंगाट येतोय!" तुम्ही फरशी पुसता पुसता उत्तर दिलंत, "गरम होतंय." जानेवारीत! समोरच्या बाकावरचे आजोबा कानटोपी घालून बसले होते. मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं, आणि हसताना लक्षात आलं की श्वास चालू आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते थोडक्यातच लिहिते, तुम्ही दाराशी उभं राहून ते माझ्याहून जास्त वेळा ऐकलं असेल. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, चिंताविकारांतला एक प्रकार. सोसायटीत उभ्या गाडीच्या टपावर मांजरानं उडी मारली की ती चोर आल्यासारखी केकाटायला लागते, तसं. गजर खरा असतो, चोर नसतो. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानंच त्या मुंग्या येतात, गरगरतं. लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते. मी विचारलं, म्हणजे हे सगळं माझ्या मनाचे खेळ? ते म्हणाले, नाही, धडधड खरी, मुंग्या खऱ्या, चुकतो तो आपण लावलेला अर्थ. त्यांनी थायरॉईड तपासायला लावलं, एस्सिटॅलोप्रामची गोळी सुरू केली, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील हे आधीच बजावलं आणि ती जुनी गोळी एकदम बंद न करता पायरीपायरीनं उतरवली. पहिला आठवडा मळमळीनं जीव नको झाला. तेव्हा तुम्ही घरून लिंबाचं गोड लोणचं आणून दिलंत. डबा तोच हा.

गोळीइतकंच काम तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी केलं. खुर्चीवर बसवून गरागरा फिरवलं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, जिने पळत चढायला लावले. धडधड मुद्दाम उठवायची आणि तिच्यासकट बसून राहायचं. मग त्यांनी माझ्या आधारांची यादी करायला सांगितली: पाण्याची बाटली, पर्समधली गोळी, नवऱ्याला फोन, दाराजवळची जागा. म्हणाल्या, तुम्ही दर वेळी वाचता आणि श्रेय बाटलीला जातं, म्हणून भीती तशीच राहते. एकेक आधार सोडायचा.

मला लगेच तुमची वीट आठवली. त्यांना सांगितलं तर खळखळून हसल्या. "पुस्तकाप्रमाणे चूकच आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मावशींनी त्या दिवशी पुस्तक वाचलं असतं, तर तुम्ही आज इथं नसता."

तेव्हापासून मी दर खेपेला एकेक खुर्ची आत सरकत गेले. जुलैत घड्याळाखालच्या बाकावर, अगदी पलीकडच्या भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी तुम्ही वीट पायानं बाजूला केलीत आणि दार खाट्कन लागलं. मी दचकले. तुम्ही रजिस्टरमधून मान वर केली नाहीत. हे मुद्दाम केलंत की पाऊस आत येत होता म्हणून, हे विचारायचं राहूनच गेलं.

लोकलचंही तसंच केलं. आधी डोंबिवली ते कोपर, एक स्टेशन, आणि परत. मग दिवा. मग ठाणे, दारात न उभं राहता. दादर गाठायला ऑक्टोबर उजाडला. आता नोकरी चालू आहे, गोळी आहे पण निम्म्यावर आलीय. पूर्ण गेलंय असं मी म्हणणार नाही. गेल्या गणपतीत विसर्जनाच्या गर्दीत आली एकदा लाट. पोरीचा हात धरून तिथंच उभी राहिले. ती विचारत होती, आई, काय झालं? म्हटलं, मांजर. घरात आता सगळ्यांना हा शब्द कळतो.

मधे एकदा वाचलं, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली होती. चिंता, नैराश्य यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांत शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात निघालं. आकडे वाचणं माझं रोजचंच काम, पण या आकड्याशी मी अडकले. डॉक्टर कमी, पैसे नाहीत, लाज, ही कारणं आहेतच. ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारच्या दवाखान्यांत केसपेपरचे दहा रुपयेही लागत नाहीत. तरी त्या ८५ मधले काही जण जिन्यापर्यंत येऊन परत जात असतील. त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही. मीही त्यांच्यातलीच एक व्हायला एक रिक्षा कमी पडली.

चांगली माणसं म्हटली की आपल्याकडे लगेच देवमाणूस म्हणायची सवय. तुम्हाला ते आवडायचं नाही. डॉक्टरांना कुणी देव म्हटलं की तुम्ही हळूच म्हणायचात, "देवाला पगार कुठं असतो." तुम्ही तुमचं काम करत होतात, फरशी पुसत होतात, आणि वाटेत एक खुर्ची सरकवलीत. ठाण्याला उतरवणाऱ्या त्या दोघीही तशाच. पुढच्या गाडीनं गेल्या असतील कामाला, घरी जाऊन सांगितलंही नसेल.

वीट अजून आहे. परवा बघितली. फडकं बदललंय, आता कसल्यातरी बॅनरचं कापड गुंडाळलंय. नव्या बाईंनी ती वजनकाट्याखाली सारून ठेवलीय. मी त्यांना म्हटलं, ही दाराची वीट आहे. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. बघू देत.

डब्याचं तेवढं राहिलं. झाकणावर तुमच्या लग्नाची तारीख कोरलेली आहे, म्हणजे मोलाचा असणार, आणि मी तो दोन वर्षं दडपून बसलेय. रिकामा द्यायचा नाही म्हणून परवा गुळपोळ्या घालून आणला होता. त्या नव्या बाईंना दिल्या आणि डबा परत घरी आणला. आता त्यात तिळाचे लाडू भरून ठेवलेत. निरोप ओपीडीत ठेवलात तरी पोचेल, मी त्यासाठी मधे एक चक्कर मारीन. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, तोवर कळवा.

तुमची,
दारातल्या निळ्या खुर्चीवरची