मामांच्या घरी आलेले पाकीट

एडिसन, न्यू जर्सी
दि. 18 जानेवारी

तीर्थरूप अण्णा आणि तीर्थरूप आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही तिघेही येथे खुशाल आहोत. तुमच्या नातीचा खोकला थांबला असून ती शाळेत जाऊ लागली आहे. थंडी नेहमीसारखीच आहे, त्याबद्दल काळजी करू नये.

रविवारी फोनवर तुम्ही फारसे बोलला नाहीत, तेव्हाच मला समजायला हवे होते. नंतर धाकट्या बहिणीने सगळे सांगितले. मामांच्या घरी अमेरिकेच्या न्यायालयाचे पाकीट आले, त्यांनी ते गुरुजींकडून वाचून घेतले आणि संध्याकाळी पारावर ‘थोरल्याने तिकडे दिवाळे काढले’ अशी चर्चा झाली. अण्णा, ही गोष्ट तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवी होती, पारावरून नव्हे. फोनवर सांगायला घेतले की आई मध्येच रडेल आणि मीही धड बोलू शकणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हे पत्र मामांनाही वाचून दाखवावे.

गेल्या मार्चमध्ये माझे कंत्राटाचे काम संपले आणि पुढचे काम मिळेपर्यंत सात महिने गेले. येथे आरोग्य विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबरच जातो. तोच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो, पण त्याचा हप्ता घरभाड्याच्या जवळपास होता, म्हणून मी तो घेतला नाही आणि जूनमध्ये अपेंडिक्स फुटले. ‘पोट दुखत होते, औषधाने बरे वाटले’ असे मी तेव्हा तुम्हाला सांगितले होते, ते खरे नव्हते. मी चार दिवस रुग्णालयात होतो आणि त्याचे बिल 41 हजार डॉलर झाले. घर चालवताना क्रेडिट कार्डांवर आणखी 23 हजार चढले, आणि त्यावरचे व्याज दर महिन्याला मुद्दल वाढवत राहिले. ऑक्टोबरमध्ये नोकरी लागली, पण त्या पगारात हे फिटण्याजोगे नव्हते. वकिलांचा सल्ला घेऊन मी 4 डिसेंबरला न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

आता पाकिटाबद्दल. मामांवर कोणी दावा लावलेला नाही, त्यांना कोठे हजर राहायचे नाही आणि कोणाला एक रुपयाही द्यायचा नाही. अर्ज करताना ज्याचे ज्याचे देणे आहे, त्या प्रत्येकाचे नाव आणि पत्ता शपथेवर लिहावा लागतो. बँक लिहायची आणि घरचा माणूस वगळायचा, असे येथे चालत नाही. मी प्रथम येथे आलो तेव्हा मामांनी बैलजोडी विकून दिलेल्या दोन लाखांपैकी काहीच मी परत केलेले नाही, म्हणून धनकोंच्या यादीत त्यांचे नाव लिहिणे मला भाग होते. यादीतल्या सर्वांना न्यायालय टपालाने सूचना पाठवते. मामांचे नाव वगळले असते तर पाकीट आले नसते आणि पारावर चर्चाही झाली नसती, परंतु ती खोटी शपथ ठरली असती.

तुमच्या शंका धाकटीने मला लिहून पाठवल्या आहेत. मला अटक होईल का, ही आईची शंका पहिली आहे. आई, कर्ज फेडता आले नाही म्हणून येथे तुरुंगात टाकत नाहीत. उलट अर्ज दाखल झाल्या क्षणापासून वसुलीचे फोन, पत्रे, दावे आणि पगारावरची जप्ती थांबवावी लागते, तसा कायदाच आहे. दिवसाला आठ-दहा फोन यायचे, ते त्या आठवड्यात बंद झाले. माझ्या ग्रीन कार्डावरही या अर्जाचा परिणाम होत नाही आणि मला भारतात येण्याची बंदी नाही.

अण्णा, तुमची शंका अधिक गंभीर आहे. आजोबांनी मृत्युपत्राने मला दिलेले तीस गुंठे अमेरिकेचे न्यायालय घेईल का, आणि तलाठ्याकडे जाऊन माझे नाव घाईने कमी करून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. कृपा करून असे काहीही करू नका. येथील कायद्याप्रमाणे माझी मालमत्ता जगात कोठेही असली तरी ती अर्जात दाखवावी लागते, आणि ती लपवणे किंवा दुसऱ्याच्या नावावर सरकवणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तुरुंगाची वाट कर्जातून जात नाही, लपवाछपवीतून जाते. म्हणून मी सातबारा इंग्रजीत भाषांतर करून जोडला होता.

अर्ज तपासण्यासाठी सरकारने नेमलेल्या विश्वस्तांसमोर 7 जानेवारीला माझी चौकशी झाली. आजकाल ती व्हिडिओवर होते, त्यामुळे मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले, मग उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली. धनकोंना तेथे येऊन प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, पण एकही आला नाही. विश्वस्त वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सातबारा पडद्यावर उघडला आणि ‘पोटखराबा’ या शब्दाशी थांबून विचारले की ही जमीन आजारी आहे का. मी सांगितले की त्या तुकड्यात ओढा आणि खडक आहे, तेथे पीक निघत नाही. तूर कोण पेरते, पैसे कोण घेतो, हेही त्यांनी विचारले. वडील पेरतात आणि घरी खाण्यापुरतीच होते, असे मी सांगितले. येथे कायद्याने काही मालमत्ता कर्जदाराकडे राहू दिली जाते. ज्याचे स्वतःचे घर नाही त्याला घरासाठी असलेल्या सवलतीचा मोठा भाग दुसऱ्या मालमत्तेसाठी वापरता येतो. मी भाड्याने राहतो, म्हणून आपले तीस गुंठे त्या सवलतीत बसले. वाटण्याजोगी मालमत्ता नाही, असा अहवाल विश्वस्तांनी दुसऱ्याच दिवशी दिला. जमीन सुरक्षित आहे.

चौकशीतला विश्वस्तांचा पुढचा प्रश्न मात्र मला जड गेला. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत कोणाला सहाशे डॉलरहून जास्त भेट दिली असेल तर ती सांगावी लागते. आईच्या मोतीबिंदूसाठी गेल्या फेब्रुवारीत पाठवलेले नऊशे डॉलर मी लिहिले होते. ‘आईला आता दिसते का?’ एवढेच त्यांनी विचारले आणि ते पुढे गेले. एका अनोळखी माणसाला मी शपथेवर माझ्या घराचा पैसा न् पैसा सांगितला, आणि तुम्हाला दहा महिने काहीच सांगितले नाही, हे त्या टेबलाशी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आले.

काही अडचण नसेल तर मार्चमध्ये ऋणमुक्तीचा हुकूम मिळेल. रुग्णालयाचे बिल आणि कार्डांचे देणे त्यात सुटेल. सगळीच देणी अशी सुटत नाहीत. मुलांची पोटगी, अलीकडचा कर, गुन्ह्याचा दंड आणि बहुतेक शैक्षणिक कर्जे तशीच राहतात, पण त्यांपैकी माझ्याकडे काही नाही. या प्रकारचा अर्ज पुन्हा करून मुक्ती मिळवायची तर आठ वर्षे थांबावे लागते. सूनबाईच्या नावावर कोणतेही देणे नव्हते, त्यामुळे ती यात नाही.

‘कर्ज बुडवणाऱ्याला तेथे लोक उभे तरी करतात का?’ असे काकांनी विचारल्याचे कळले. त्यासाठी येथील एक रीत समजावून सांगितली पाहिजे, जी मला चौदा वर्षांत पुरती समजलेली नाही. येथे बहुतेक प्रत्येक माणसाला त्याची पत दाखवणारा 300 ते 850 यांमधला एक आकडा लावलेला असतो. घर भाड्याने घ्यायचे असो, गाडी घ्यायची असो, लोक आधी तो आकडा पाहतात. आपल्याकडे ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो खात्रीचा माणूस. येथे ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याला आकडाच नसतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी आलो तेव्हा रोख पैसे देऊन सगळे घेत असे, तेव्हा एका शेजाऱ्याने मला काळजीने समजावले की थोडे कर्ज काढ आणि दर महिन्याला फेडत जा, म्हणजे तुझी पत तयार होईल. म्हणजे विश्वास मिळवण्यासाठी गरज नसताना उसने घ्यायचे. अण्णा, मी हे निमूटपणे केले, आणि कार्डाची सवय तेथूनच लागली. दिवाळखोरीची नोंद त्या पतनोंदीत दहा वर्षे राहते. तरीही अर्ज केल्याच्या सहाव्या आठवड्यात माझ्या टपालपेटीत गाडीच्या कर्जाची दोन पत्रे आली. हा माणूस आता आठ वर्षे पुन्हा सुटू शकणार नाही, हे पत्रे पाठवणाऱ्यांना चांगले माहीत असते. मी दोन्ही फाडून टाकली.

मला खरी काळजी तुमच्या सहीची वाटते. काकांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात आणि पतसंस्थेची नोटीस तुमच्या नावानेही आली, हेही धाकटीनेच सांगितले. तुम्हीही मला सांगितले नव्हते, पण याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला उरलेला नाही. ‘जामीन म्हणजे नुसती सही’ असे काका म्हणतात, ते बरोबर नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी काकांकडे वसुली करावी आणि मगच तुमच्याकडे यावे, असे तुम्ही म्हणू शकत नाही. तुम्ही भरलेच तर तेवढी रक्कम काकांकडून मागण्याचा हक्क तुम्हाला मिळतो, पण भावाविरुद्ध तो तुम्ही कधी वापरणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून नोटीस बाजूला ठेवू नका. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली संस्थेने वसुली दाखला मागितला की निबंधकांसमोर वेळेत लेखी म्हणणे मांडा. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण, म्हणजे फेरतपासणी, मागायची असेल तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. लातूरला सहकाराची कामे पाहणाऱ्या वकिलांकडे काकांनाही बरोबर घेऊन जा. तडजोडीने हप्ते पडत असतील तर ते लेखी घ्या.

मी केला तसा अर्ज काकांना तिकडे करता येईल का, हेही विचारले आहे. इतके सरळ नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी वेगळा भाग आहे, पण तो 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला आहे. शेतकरी, पगारदार किंवा लहान दुकानदार यांच्यासाठी तो अजून सुरू झालेला नाही आणि जुने इंग्रजी अमलातले कायदे फारसे कोणी वापरत नाही. तरीही काही आधार आहेत. दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, गरजेची जनावरे, बियाणे, घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण आणि बाईचे मंगळसूत्र जप्त करता येत नाही. जे स्वतःच गहाण ठेवले आहे, त्याला हे संरक्षण नाही. प्रामाणिकपणे ऐपत नसलेल्या माणसाला निव्वळ देण्यासाठी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच सांगितले आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच होत नाही. काकू दार लावून बसतात असे कळले, त्यांना एवढे तरी सांगा.

तुमच्यामागे हे कर्ज आमच्यावर येईल, ही चिंताही मनातून काढा. 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जासाठी बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य आहे, एवढ्याच कारणाने मुलाकडून वसुली करता येत नाही. वारसाला जेवढी मालमत्ता मिळते, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते.

एक विनंती हात जोडून करतो. धाकटीच्या लग्नासाठी सावकाराकडे जाऊ नका. धाकटीने नाव सांगितले नाही, पण तुम्ही कोणाशी तरी बोलला आहात असे वाटते. कोऱ्या कागदावर सही आणि सावकाराच्या नावावर जमिनीचे खरेदीखत, असा त्यांचा व्यवहार असतो. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आपल्या जुन्या लोकांचा दामदुपटीचा नियमच तो. अवैध सावकाराने बळकावलेली जमीन जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून परत मिळू शकते, पण तोपर्यंत किती हंगाम जातात हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक पाहिले आहे.

आता लग्नाचे. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही, ही देवीचीच कृपा. हे पाकिटाचे प्रकरण त्यांच्या कानावर जाण्याआधी तुम्ही स्वतःच सांगावे, किंवा मी फोन करून सांगतो. वैशाखातली तारीख राहू द्या. पाच लाख देतो असे मी दिवाळीत म्हणालो होतो, ते आता माझ्याकडून होणार नाही. अर्ज दाखल केल्यानंतरची माझी कमाई माझी स्वतःची आहे, त्यामुळे महिन्याला पंचवीस हजार पाठवण्यास काही हरकत नाही आणि वैशाखापर्यंत एक लाख जमतील. कार्यालयाऐवजी घरापुढे मांडव घातला तर चालेल का, हे धाकटीला विचारा. तिला नको असेल तर मला कळवा, आणखी काही करता येते का ते पाहीन. मामांचे दोन लाख कायद्याने सुटले तरी स्वतःहून फेडण्यास कोणतीही बंदी नाही, असे वकिलांनी स्पष्ट सांगितले आहे. हुकूम हाती आल्यावर, लग्न उरकले की दर महिन्याला दहा हजारांप्रमाणे ते फेडीन. मामांना हे सांगताना मी त्यांच्यासमोर बसलेलो असायला हवा होतो.

आईने दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन लग्नानंतर करू असे म्हटल्याचे समजले. ते लग्नाआधीच करून घ्यावे. त्याचे पैसे या पंचवीस हजारांत धरलेले नाहीत, एक तारखेला वेगळे पाठवतो.

आपला,
थोरला