गाळात पाचट घाला, मगच त्याला खत म्हणा

संपादक महोदय,
स. न.

सेप्टिक टँकमधून उपसलेला आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रात साचलेला गाळ ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून शेतीला द्यावा, ही कल्पना चांगलीच आहे. फसते ते मिश्रण. डेपोवर गाळावर मंडईचा कचरा ओतला की आठवड्याभरात सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तक्रारी येतात आणि काम थांबते.

कारण उघड आहे. गाळाचे कर्ब-नत्र गुणोत्तर (एक भाग नत्रामागे कर्बाचे किती भाग) ८ च्या आसपास, भाजीपाल्याच्या कचऱ्याचे १५ ते २०. कुजवायला हवे २५ ते ३०. गाळ निथळून घेतला तरी पाणी दोन्हींत ७५-८० टक्के किंवा जास्तच, हवे ५५ ते ६०. ओल्यात ओले मिसळून रास होत नाही, चिखल होतो आणि त्यात हवा शिरत नाही. इथे तिसरा घटक लागतो, कोरडा आणि कर्बाचा: उसाचे पाचट, पालापाचोळा, वखारीतला भुसा. नेमके हेच आपण फडात आणि रस्त्याकडेला पेटवून देतो!

८० टक्के ओलाव्याच्या एक टन गाळाला सुमारे ४५० किलो कोरडे पाचट घातले, तर गुणोत्तर २५ जवळ येते आणि ओलावा ५८ टक्क्यांवर. मंडईचा कचरा घालायचा असेल तर त्याच्यासाठी पाचट वेगळे वाढवावे. पाचटाचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करावेत. अख्खे घातले तर गाळाचे गोळे तसेच राहतात आणि आतून कुजत नाहीत. मूठ आवळून पाहावी: बोटांतून पाणी टपकले तर आणखी पाचट, मूठ उघडताच मिश्रण भुरभुरले तर पाणी.

रास दीड मीटर उंच, तळाशी अडीच-तीन मीटर रुंद, आणि शेडखालीच. उघड्यावरची रास आपल्या जूनमध्ये टिकत नाही. लांब दांड्याचा तापमापक रोज दोन फूट आत खुपसून आकडा वहीत लिहावा. रोगजंतू मरावेत म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा निकष असा: उघड्या राशीत १५ दिवस किमान ५५ अंश सेल्सिअस आणि त्या काळात पाच वेळा पलटी. पलटी मारताना बाहेरचा थर आत गेलाच पाहिजे. जंतांची अंडी वाळवलेल्या गाळातही महिनोन्महिने तग धरतात, मग राशीच्या थंड कडेला का मरतील? पारा ४५ वर अडला तर रास लहान आहे किंवा ओली आहे. डोळे चुरचुरले तर नत्र अमोनिया होऊन उडते आहे. गाळात आधी चुना टाकला असेल तर हे हमखास होते.

त्यानंतर महिना-दीड महिना मुरवण आणि चार मिलिमीटरची चाळण. कच्च्या गाळातले जेसीबीचे बकेट न धुता तयार खतात घातले तर सगळी मेहनत वाया.

जड धातू मात्र उष्णतेने जात नाहीत. कुजताना वजन घटते, धातू तेवढेच उरतात. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी दर किलोला कॅडमियम ५, शिसे १००, निकेल व क्रोमियम प्रत्येकी ५० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यांचे पाणी ज्या गटारात मिसळते तिथला गाळ या कामाला घेऊच नये. पाचट वाढवून आकडा मर्यादेत बसवणे ही निव्वळ पळवाट आहे.

हे खत ऊस, फळबागा आणि चाऱ्याला लागणीपूर्वी मातीत मिसळून द्यावे. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना नको. नत्र टक्का-दीड टक्काच असते आणि पहिल्या वर्षी त्यातले थोडेच पिकाला मिळते, म्हणून युरिया एकदम बंद करू नये.

नगरपरिषदेने प्रत्येक ट्रॉलीबरोबर त्या राशीच्या तापमानाची नोंद आणि धातू व जंतूंचा प्रयोगशाळेचा अहवाल द्यावा. शेतकऱ्यांनीही तो मागितल्याशिवाय ट्रॉली बांधावर रिकामी करू देऊ नये.

आपला,
एक वाचक, सातारा