आईचे तीन वाढदिवस आणि दाखला एकही नाही

पर्वरी, रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर जे झालं त्याला बोलणं म्हणत नाहीत, म्हणून पत्र लिहिते. बाबांना अर्धं ऐकू येत नव्हतं, आई मागून तिसरंच काही सांगत होती, आणि मी रस्त्याकडेला स्कूटर लावून 'अनुपलब्धता! अनुपलब्धता दाखला!' म्हणून ओरडत होते. शेजारच्या रस-ऑमलेटच्या गाड्यावरचे लोक खायचे थांबले. बाबा, तुम्ही हे चष्मा लावून मोठ्याने वाचा. आई स्वयंपाकघरातून ऐकते, हे मला माहीत आहे.

न्यू जर्सीतल्या दादाने तुम्हा दोघांना तिकडे न्यायचा अर्ज केलाय, त्याला दोघांचे जन्मदाखले लागतात. आधी बाबांचं, कारण ते सोपं आहे. ती ट्रंक परत माळ्यावर टाका. तीन आठवडे तुम्ही जो 'ओरिजिनल' शोधताय तो वाळवीने खाल्ला, आणि खाल्ला नसता तरी तो ओरिजिनल नव्हताच. मूळ असते ती नोंद, आणि नोंद कचेरीच्या वहीत. आपल्या हातात येते ती तिची सही-शिक्क्याची नक्कल. ती आज काढली काय आणि 1960 साली काढली काय, किंमत सारखीच. उलट आजची बरी, शिक्का तरी वाचता येतो.

मंगळवारी रजा टाकून मी तालुक्याच्या रजिस्ट्रार कचेरीत गेले होते. तुम्हाला सांगितलं नाही, नाहीतर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टॉपवर उभे राहिला असता. 'तेओर पाहिजे' म्हटल्यावर खिडकीतल्या बाईने पहिला प्रश्न विचारला, 'लिस्बनसाठी?' 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा तेओर कोणी मागितला, की पोर्तुगीज पासपोर्टचीच शंका येते. मी म्हटलं, 'नाही, न्यू जर्सीसाठी.' तिला ते फारसं पटलं नाही. तुमचं त्या पासपोर्टबद्दलचं मत मी तिला सांगत बसले नाही, मागे रांग होती.

तेओर म्हणजे नोंदीतला शब्द न् शब्द उतरवलेली नक्कल. थोडक्यातला दाखलाही मिळतो, पण व्हिसासाठी आई-वडिलांच्या नावांसकट पूर्ण लागतो म्हणून मी हाच मागितला. वही उघडल्यावर काउंटरवरून मान लांब करून पाहिलं. तपकिरी शाई, तिरपं अक्षर, पोर्तुगीजमध्ये सगळं. 1947. तुमचं नाव, खाली आजोबा-आजीचं, आणि त्याखाली दोन्हीकडच्या आजोबा-आजींची नावं. बाबा, तुमच्या वडिलांच्या आईचं नाव मला आयुष्यात पहिल्यांदा त्या वहीत कळलं. घरात तिला सगळे 'व्हडली आई' म्हणायचे ना? तिला नाव होतं, आणि चांगलं होतं. भेटल्यावर सांगते, कागदावर आधी वाचलंत तर मजा जाईल.

आणखी एक ओळ होती. नोंद करायला आजोबा स्वतः गेले होते, आणि शेवटी लिहिलंय की ते सही करत नाहीत, कारण त्यांना लिहिता येत नाही. ज्या आजोबांच्या मोडीतल्या खतावण्या त्याच माळ्यावर पडल्यात, त्यांना लिहिता येत नाही! लिहिणाऱ्याच्या लेखी लिहिणं म्हणजे रोमन लिपीत लिहिणं, एवढंच असावं. तिथे उभ्याउभ्या माझा जीव जळला. पण दाखल्यात ते जसंच्या तसं येणार आणि भाषांतरातही तसंच जाणार. तुम्ही वाचाल तेव्हा चिडू नका, म्हणून आधीच सांगितलं.

स्पेलिंगचं पण ऐका. पोर्तुगीजांच्या लिपीत 'के' नव्हता आणि 'श'साठी 'एक्स', त्यामुळे आपल्या आडनावातलं 'कर' तिथे सी-ए-आर आहे. आपण सगळे मोटारगाडी. पासपोर्टवर वेगळं, वहीत वेगळं, तेव्हा दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र तुम्ही करायचं. वहीत दुरुस्ती मागायची नाही, ती चूक नाहीच. तेओरचं इंग्रजी भाषांतर पणजीतले एक निवृत्त शिक्षक करून देणार आहेत. 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर बरोबर आहे' असं त्यांनी खाली सहीनिशी लिहून द्यावं लागतं, तेही त्यांनी कबूल केलंय. बाबांचं संपलं.

आता आई.

आई, तुझी नोंद नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडे, तुझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीत पाहिलं, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहिलं. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला मामा अजून कोतवाल बुक म्हणतो, त्याच्या वह्या निघाल्या, पण 1952 ची त्यात नाही. 1949 आहे, 1955 आहे, मधली नाही. आणि गंमत सांगू? ज्या वह्या होत्या त्यातही पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. म्हणजे वही सापडली असती तरी तुझं नाव सापडलं असतं याची खात्री नव्हती.

तू फोनवर म्हणालीस, 'कागदच नाही तर माणूस तरी कशाला.' दादाला ते ऐकू गेलं नाही, मला गेलं. तेव्हा नीट ऐक. नोंद नाही, हेसुद्धा सरकार लिहून देतं. त्यालाच अनुपलब्धता दाखला म्हणतात: अमुक नावाच्या व्यक्तीच्या जन्माची नोंद आमच्या दप्तरात शोधली, मिळाली नाही. खाली सही, शिक्का. अमेरिकेच्या व्हिसावाल्यांना जन्मदाखला नसेल तर हा कागद चालतो. त्याच्या जोडीला जन्माचे दुसरे पुरावे द्यायचे. तुझ्या वयाच्या बायकांचं हे नेहमीचंच आहे, तू काही जगावेगळी नाहीस.

दुसरे पुरावे म्हणजे काय? पहिला, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. तो मिळाला, जनरल रजिस्टर शाबूत आहे. त्यात तुझी जन्मतारीख 1 जून 1952. त्याच पानावर तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख 1 जून आहे. गुरुजींनी सबंध गावाचे वाढदिवस एका दिवशी उरकले. तुझ्या आधारवर 1 जानेवारी, कारण आधार काढणाऱ्या मुलाने नुसतं साल विचारलं आणि पुढचं मशीनने भरलं. आणि तू स्वतः सांगतेस गोकुळाष्टमीची आदली रात्र, म्हणजे ऑगस्ट. तीन वाढदिवस आणि दाखला एकही नाही! आधारची तारीख पासपोर्ट दाखवून दुरुस्त होते, ते मी करते. पासपोर्ट शाळेवरून काढलाय, त्यामुळे फॉर्मवर सगळीकडे 1 जून जाणार.

दुसरा पुरावा मामाचा. तुझ्या जन्माच्या वेळी जो हजर होता, कळत्या वयाचा होता, त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. नाव, नातं, कुठे जन्म, कधी, आई-वडिलांची नावं आणि मुख्य म्हणजे हे त्याला कसं माहीत. मामा नऊ वर्षांचा होता. मी त्याला सहज विचारायला गेले, तर तो पाऊण तास बोलला. पाऊस असा, की अंगणातून गोठ्यात जाता येईना. आजोबा घरी नव्हते, म्हणून त्यालाच कंदील देऊन सुइणीकडे पाठवलं. वाटेत कंदील विझला. तो घाबरून मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत गेला आणि ती अर्धीच पाठ होती म्हणून तेवढीच पुन्हा पुन्हा म्हटली. सुईण आली तेव्हा तुझं डोकं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी अष्टमीचा उपास कोणीच धरला नाही, म्हणून त्याला पोटभर पेज मिळाली. आई, वहीत असती तर ही सगळी गोष्ट 'मुलगी' या तीन अक्षरांत संपली असती.

आता मामा तारीख काय सांगणार? त्याने 1 जून म्हणावं असं बाबांचं मत. कटकट नको. मला ते पटत नाही आणि दादाच्या वकिलांनाही पटलं नाही. मामाला अष्टमी आठवते, त्याने अष्टमीच सांगायची. पुढे एवढंच लिहायचं, की शाळेत नाव घालताना 1 जून लावली आणि पुढचे सगळे कागद त्यावरून झाले. विचारलं तर तूही हेच सांगायचं. खरं सांगताना पाठांतर लागत नाही, आणि मामाचं पाठांतर कसं आहे ते वर आलंच आहे.

तिसरं, नावाचं. शाळेत तुझं माहेरचं नाव, पासपोर्टवर बाबांनी तांदळात लिहिलेलं. मधला पूल म्हणजे लग्नाची नोंद, आणि आपल्याकडे ती लग्नाबरोबरच होते, त्यामुळे ती आहे. गोव्याच्या या एका सवयीबद्दल मला फार बरं वाटतं. तिची ताजी नक्कल बाबांच्या तेओरबरोबरच मागितली.

बाबा, आता बाजारातल्या त्या माणसाबद्दल. 'पंधरा दिवसांत आईचा ओरिजिनल करून देतो' म्हणाला ना? नसलेल्या नोंदीचा ओरिजिनल करून देतो म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही एलडीसी कारकुनापासून हेडक्लार्क झालात. असला कागद पकडला गेला तर व्हिसा तर जातोच, पुढे कायमची बंदी येऊ शकते. उशिरा नोंद करायचा रस्ता कायद्यात आहे, दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने. पण त्र्याहत्तर वर्षांनी केलेली नोंद पाहून ते पुन्हा शाळेचा उतारा आणि मामाच मागणार. मग सरळ तेच दिलेलं काय वाईट? त्याला दिलेले पाच हजार गेले असं समजा. परत मागायला जाऊ नका, तो तुम्हाला चहा पाजून आणखी दोन घेईल.

पोलिसांचा दाखला पणजीच्या पासपोर्ट कचेरीतून, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत मुंबईत. मुलाखतीला मूळ कागद घेऊन जायचे, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, मी फाइल आणते. मांडवी एक्स्प्रेसने जाऊ, तुम्ही, आई आणि मी.

आता जे फोनवर ओरडून सांगता आलं नसतं, ते.

आई, तुला जायचंय का? मला संशय आहे की दाखला नाही हे कळल्यावर तुला बरं वाटलं. 'देवाच्या मनात नसेल' असं तू दोनदा म्हणालीस आणि दुसऱ्यांदा म्हणताना हसलीस. तुला नातवाला बघायचंय हे खरं. पण अंगणातली तुळस, चवथीला येणारी माणसं, दुपारी समोरच्या काकीबरोबर सुपारी कातरत बसणं, हे सोडून बर्फात कायमचं राहायचंय का? हा साधा फिरायला जायचा व्हिसा नाही. त्याला तर एरवी कोणी जन्मदाखला विचारतही नाही. दादाने ग्रीन कार्डाचा अर्ज केलाय. ते कार्ड घेऊन तुम्ही वर्षाहून जास्त इथेच राहिलात तर परत आत जाताना अडचण. म्हणजे घर तिकडे, सुट्टी इकडे. आणि एकदा तो अर्ज झाल्यावर फिरायचा व्हिसाही मिळायला जड जाऊ शकतो. दादाने हे सगळं तुला नीट सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्याला वाटलं, सांगितलं तर तू नाही म्हणशील. मला वाटतं, सांगितल्यावर तू कदाचित हो म्हणशील. पण तुझ्या तोंडून तरी येईल.

नको असेल तर दादाला तू स्वतः सांग. वहीवर ढकलू नकोस. कारण कागद मी जमवून देणार आहे, तेवढी तुझी लेक आहे. मग सबब उरायची नाही.

बाबा, तुम्ही यात बोलू नका. तुम्ही कुठेही राहाल, पेपर आणि सकाळचा पाव मिळाला की झालं. तिथे तसला पाव मिळत नाही, एवढंच सांगून ठेवते.

गुरुवारी मामाकडे जायचं. नोटरी तिथलाच, अकराला येतो. मुद्रांक मी घेते, बाबांनी दोघांचे पासपोर्ट घ्यायचे, आईने मामासाठी सोलकढी बाटलीत भरून घ्यायची. तो आल्या-आल्या तेच विचारणार. आठ वाजता दारात असेन. आणि बाबा, कानातल्या मशीनचा सेल बदला.

तुमची,
बाय