दोष एकट्या मॅनेजरचा कसा?

हंगामाच्या अखेरीस संघ ढेपाळला की मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) बदलणे हाच उपाय, असे मांडणारा बेसबॉलवरील लेख क्रीडा पानावर वाचला. तो पटला नाही. लेखात ज्याचा दाखला आहे तो बोस्टन रेड सॉक्स संघ ३ सप्टेंबर २०११ रोजी वाइल्ड कार्डच्या (विभाग न जिंकताही पुढील फेरीत मिळणाऱ्या जागेच्या) शर्यतीत टॅम्पा बे संघाच्या नऊ सामने पुढे होता आणि तरीही त्या महिन्यात २७ पैकी २० सामने गमावून प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, मुकला, हे खरेच आहे. चाहत्यांनी मॅनेजर टेरी फ्रँकोना यांच्या निर्णयांवर बोट ठेवले. परंतु सामन्याची सुरुवात करणारे पिचरच (चेंडू फेकणारे खेळाडू) त्या महिन्यात दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्याइतक्या खेळामागे, सरासरी सातहून अधिक धावा देत असतील, तर बदली पिचर कोणत्या क्षणी आणावा या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही. २००४ मध्ये ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवून देणारे फ्रँकोना (चाहत्यांची स्मरणशक्ती अल्प असते!) गेले, बॉबी व्हॅलेंटाइन आले आणि २०१२ मध्ये संघ ९३ सामने हरून विभागात तळाला गेला. फ्रँकोना यांनी मात्र २०१६ मध्ये क्लीव्हलँड संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत) नेले, याचा उल्लेख लेखात व्हायला हवा होता.

– एक वाचक, ठाणे