बिननावाचा सैनिक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. अतिवास्तववाद, ती स्वप्नांना आणि नेणिवेला वाट देणारी कलाचळवळ, म्हणजे चित्रकार दालीची वितळलेली घड्याळं, त्यात बंड कसलं, असं तू लिहिलंस आणि मला राहवेना. अरे, त्याच दालीला १९३४ साली चळवळीचा म्होरक्या ब्रेतों आणि मंडळींनी हिटलरच्या कौतुकाबद्दल जाब विचारला होता! पण दाली राहू दे. तुला याच चळवळीतल्या, स्वतःचेच फोटो काढणाऱ्या क्लोद काअँबद्दल सांगायचंय.

जन्म १८९४, फ्रान्समधलं नांत शहर, मूळ नाव लूसी श्वोब. बाई की पुरुष, या प्रश्नाला क्लोदनं कधी सरळ उत्तरच दिलं नाही. १९२७ च्या सुमारासचा एक फोटो बघ: कपाळावर चापून बसवलेल्या बटा, गालांवर रंगवलेले बदाम, मांडीवर वजनं आणि छातीवर अक्षरं, 'माझा सराव चालू आहे, मुका घेऊ नका'. पहिलवान म्हणावं की बाहुली?

१९३७ मध्ये क्लोद आणि जन्माची सोबतीण मार्सेल मूर पॅरिस सोडून इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावर राहायला गेल्या. १९४० मध्ये जर्मनांनी बेट घेतलं. मार्सेलला जर्मन उत्तम येई. दोघी चोरून बीबीसी ऐकायच्या, बातम्या पातळ कागदावर जर्मनमध्ये टाइप करायच्या आणि खाली सही, 'बिननावाचा सैनिक'. मग त्या चिठ्ठ्या सैनिकांच्या खिशांत, सिगारेटच्या पाकिटांत, उभ्या गाड्यांत. आपल्यातलाच कुणी फितूर झालाय असं जर्मनांना वाटावं, हा डाव. पन्नाशीच्या आसपासच्या दोन बायकांवर कोण संशय घेणार?

जुलै १९४४ मध्ये पकडल्या गेल्या. मृत्युदंडाची शिक्षा झाली. ती अमलात आली नाही, मे १९४५ मध्ये बेटासोबत त्याही सुटल्या. घरातलं बरंचसं काम मात्र नष्ट झालं होतं. सुटकेनंतरच्या फोटोत क्लोद डोक्याला रुमाल बांधून दारात उभी आहे, दातांत नाझी बिल्ला घट्ट धरून.

माझ्या मते मुखवटा तोच, फक्त पॅरिसमध्ये तो स्वतःच्या चेहऱ्यावर होता आणि जर्सीत शत्रूच्या सैनिकाचा. जो माणूस 'मी कोण' हे दुसऱ्याला ठरवू देत नाही, तो हुकूमशहाचं कसं ऐकेल?

१९५४ मध्ये क्लोद गेली आणि कित्येक वर्षं कुणाला आठवणही नव्हती. आज गिलियन वेअरिंगसारखी ब्रिटिश कलावंत क्लोदचं रूप घेऊन, हातात स्वतःच्याच चेहऱ्याचा मुखवटा धरून फोटो काढते. २०१७ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं दोघींचं काम एकत्र मांडलं. मला हा वारसा त्या घड्याळांहून मोठा वाटतो.

तुझ्या लेकीला फोटोग्राफीचं वेड आहे ना? तिला हे फोटो जरूर दाखव आणि ती काय म्हणते ते मला कळव.

तुझा,
माधव