सांगोला सांगलीत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा, यांच्या जन्मशताब्दीनिमित्त कालच्या अंकात आलेला मजकूर वाचला. आबांची आठवण काढलीत, त्याबद्दल आभार. पण फोटोखाली ‘सांगलीचे माजी आमदार’ हे शब्द बघितले आणि पुढचं वाचायची इच्छाच मेली. तरी दोनदा वाचलं. आतही एके ठिकाणी सांगोला, एके ठिकाणी सांगली. सांगोला सोलापूर जिल्ह्यात आहे. सांगली वेगळं शहर, वेगळा जिल्हा.

हे मी उगाच धरून बसलेलो नाही. माझ्या थोरल्या मुलीचा जन्म आजोळी, सांगोल्याला झाला. इथे कळव्यात तिचं नाव शाळेत घातलं तेव्हा कारकुनाने रजिस्टरात जन्मस्थळ ‘सांगली’ लिहिलं. आम्ही दोघंही कामावर जाणारी माणसं. दहावीनंतर दाखला हातात आला तेव्हा जन्मस्थळाकडे कोण बघतंय? जात पडताळणीला कागद दिले तेव्हा ते उघडं पडलं. माझ्या दाखल्यावर ता. सांगोला, जि. सोलापूर आणि मुलीच्या दाखल्यावर सांगली. शाळेत गेलो तर कारकून म्हणाले, ‘अहो, एकच की ते.’ पण मूल शाळेतून बाहेर पडलं की रजिस्टरातली नोंद तशी बदलता येत नाही, वरून मंजुरी आणावी लागते. ठाण्याहून पंढरपूर, तिथून सांगोला अशा एसटीच्या दोन खेपा मी केल्या. जन्मनोंदीचा उतारा आणला, प्रतिज्ञापत्र केलं. शेवटी ‘सांगली’वर लाल शाईची आडवी रेघ, तिच्या वर बारीक अक्षरात ‘सांगोला’, शेजारी गोल शिक्का. तोवर मुदत टळली होती. त्या वर्षी खुल्या जागेची फी भरली, ती माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. तेव्हापासून ‘एकच की ते’ मला ऐकवत नाही. तुमच्या पेपरात तर मुळीच नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. ‘एकदाही पराभव न पाहिलेले’ असं आबांबद्दल छापलंय. आबा १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि त्यानंतर दोनदा हरले. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला हरले ते १९२ मतांनी. हा आकडा आमच्याकडे लहान पोरही सांगेल. माझं आणि भावाचं नाव तेव्हा गावच्याच यादीत होतं. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका कारखान्यात होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती. आबा काय, येणारच, असं म्हणून पाळीला गेलो. कळव्यात, घणसोलीत, रबाळ्यात आमचे गाववाले होते, त्यांतले कितीतरी जण हेच म्हणून थांबले होते. निकालाच्या रात्री वडिलांनी शेजाऱ्यांकडे फोन केला. ‘आला असतात तर...’ एवढंच बोलले आणि फोन ठेवला. १९९९ ला मात्र आम्ही अकरा जण आदल्या रात्रीच निघालो.

हे पराभव गाळून तुम्ही आबांचं मोठेपण कमी केलंत. १९९५ नंतर सत्तरीला टेकलेला माणूस घरी बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे सलग चार वेळा निवडून आले, शेवटच्या वेळी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. अकरा वेळा आमदार, तोच सांगोला आणि तोच शेतकरी कामगार पक्ष. दोनदा मंत्री झाले, १९७८ ला आणि १९९९ ला, ते दिवस सोडले तर बहुतेक काळ विरोधी बाकावर. सत्तेसाठी पक्ष बदलायचा तर त्यांना किती दारं उघडी होती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि बाकीचा सगळा मजकूर एसटीत गेला. आबा एसटीने फिरायचे, खरं आहे. पण साधी माणसं आमच्याकडे घरटी आहेत. त्यांना लोकांनी मतं दिली ती पाण्यासाठी. माझं गाव माण नदीच्या काठावर. लहानपणी उन्हाळ्यात आई वाळूत झरा खणायची, हातभर खोल गेलं की तळाला पाणी डोकवायचं, ते वाटीने घागरीत भरायचं. एक घागर भरेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर आबांनी दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेतल्या, विधानसभेत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा मांडला. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेलं पाणी आज आमच्या तालुक्यापर्यंत येतं, त्यामागे ही सगळी वर्षं आहेत. तुमच्या मजकुरात टेंभू हा शब्दच नाही. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली, तीही नाही. माझ्या दोन चुलतभावांच्या चुली त्या गिरणीवर चालल्या.

जाता जाता आणखी एक. आबांना पान सातवर तळाची जागा आणि त्याच अंकात एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, हे मला कळतं. पण तोच चेहरा आमच्या खारेगावात गेले आठ दिवस रस्त्यावर टांगलेला आहे. फलक इतका खाली बांधलाय की वळणावर समोरून येणारी रिक्षा दिसत नाही. परवा एक शाळकरी मुलगी थोडक्यात वाचली. त्या फलकाचा फोटो आपण छापाल का?

चूक पान सातवर झाली, दुरुस्तीही पान सातवरच यावी, फोटोसकट. फोटोखाली ‘सांगोला, जि. सोलापूर’ असं पूर्ण छापावं. ते कात्रण मला मुलीला पाठवायचं आहे.

आपला नियमित वाचक,
खारेगाव, कळवा
(मूळ गाव नाझरे, ता. सांगोला, जि. सोलापूर)