ड्यूटेरॉन नेमका कधी जुळतो?

महोदय,

'टकरीच्या भट्टीत अणुकेंद्रके तयार होतात' अशा थाटाचे वाक्य सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या बातम्यांत हमखास येते. ते निम्मेच खरे आहे.

लार्ज हॅड्रॉन कोलायडर या तिथल्या कण आदळवणाऱ्या यंत्रातल्या टकरीतून कोणते कण किती निघणार हे ठरते, तेव्हाचे तापमान ऊर्जेत मोजले तर सुमारे 156 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सूर्यगर्भाच्या लाखपट असते. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचे अणुकेंद्रक; त्या दोघांना बांधणारी ऊर्जा मात्र जेमतेम 2.2 दशलक्ष. म्हणजे तापल्या तव्यावर बर्फ! तरी ड्यूटेरॉन सापडतात, प्रतिड्यूटेरॉनही (त्यांची प्रतिपदार्थातली जोडी) सापडतात.

दोघे नुसते जवळ येऊन भागत नाही. सुटणारी ऊर्जा न्यायला तिसरा कण लागतो. महास्फोटानंतर काही मिनिटांनी ते काम फोटॉनने केले. टकरीत तेवढी सवड नसते, तिथे पायॉनसारखा (प्रोटॉनहून हलका, अल्पायुषी कण) शेजारी कामी येतो.

याच कोलायडरवरच्या ॲलिस प्रयोगाने (त्यात आयआयटी मुंबईही आहे) 2025 मध्ये 'नेचर'मध्ये याचा थेट पुरावा दिला. डेल्टा हा प्रोटॉनचा जड भाऊबंद 10⁻²³ सेकंदही टिकत नाही; फुटून पायॉन आणि प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन देतो. तो प्रोटॉन शेजारच्या न्यूट्रॉनशी जुळला, तर पायॉन आणि ड्यूटेरॉन यांच्या सापेक्ष संवेगात डेल्टाची खूण उरायला हवी. प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत ती स्पष्ट दिसली. सुमारे 90 टक्के ड्यूटेरॉन अशा अल्पायुषी कणांच्या विघटनानंतरच जुळतात, म्हणजे तापमान उतरल्यावर.

मोजणीत खरी डोकेदुखी वेगळीच. टकरीतले कण, ज्या नळीतून कणांचे झोत धावतात तिच्या भिंतीवर आणि उपकरणावर आपटून तिथल्या अणुकेंद्रकांतून ड्यूटेरॉन उडवतात. तेही मोजले गेले तर आकडा फुगतो. म्हणून ज्याचा माग टकरीच्या बिंदूकडे जात नाही, तो गाळतात. प्रतिड्यूटेरॉन भिंतीतून निघत नाहीत, त्यामुळे कमी संवेगाला त्यांच्यावर भिस्त; पण ते वाटेत पदार्थाला भिडून नष्ट होतात, ती तूट हिशेबात धरावी लागते. शिवाय माल दुर्मीळ: प्रोटॉन टकरींत केंद्रकात एकेक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन वाढला की उत्पादन सुमारे हजारपटीने घटते, शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरींत सुमारे तीनशेपटीने.

हा हिशेब अवकाशातही लागतो. कृष्णद्रव्याची (विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याची) खूण म्हणून वैश्विक किरणांत प्रतिड्यूटेरॉन शोधतात. साध्या टकरींतून ते किती निघतात हे आधी ठाऊक नसेल, तर सापडलेला प्रतिड्यूटेरॉन कुणाच्या खात्यावर टाकायचा?

— भौतिकशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे